नाव कोल्हापूरचं, सही कुणाची?

२२ जून २०२५ला इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये पुरुष मॉडेल अंगठ्याची चामडी चप्पल घालून चालले. कंपनीनं तिचं वर्णन ‘लेदर सँडल’ एवढंच केलं होतं. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, भारताचाही नव्हता. फोटो मोबाईलवर फिरले आणि दोन-चार दिवसांत सगळा महाराष्ट्र चर्मकारांचा वकील झाला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी चप्पल शिवणाऱ्याला ओसरीची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या नातवंडांनी ‘आमची अस्मिता चोरली’ म्हणून पोस्टी लिहिल्या.

असो. उशिरा का होईना, आठवण झाली. मला बोलायचंय ते त्या रागाचं पुढं काय झालं यावर. राग कोर्टात गेला, तिथून कराराच्या टेबलावर गेला, आणि या सगळ्या प्रवासात चप्पल शिवणारा माणूस निर्णयाच्या जागी बसलेला दिसला नाही. त्याला बसायला कायद्यानं खुर्ची ठेवलेली आहे. ती रिकामी आहे. आणि ती रिकामी राहण्यात बऱ्याच जणांची सोय आहे.

आधी कोर्टाचं सांगतो. पुण्याचे वकील गणेश हिंगमिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्तूंना भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय टॅग म्हणतो तो, मिळवून देण्याच्या कामात हिंगमिरे यांचं नाव आहे. प्राडानं जाहीर माफी मागावी, कारागिरांना भरपाई द्यावी, अशी त्यांची मागणी होती. १६ जुलै २०२५ला मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठानं ती फेटाळली. न्यायालयाचा प्रश्न सरळ होता : या चपलेचे मालक तुम्ही आहात का? नाही ना? मग ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्यानं यावं, दावा लावावा.

कोर्टाला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न रास्त होता. पण नोंदणी आहे कुणाच्या नावावर? दोन सरकारी महामंडळांच्या. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं लिडकर. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे त्या नोंदणीत येतात. (सीमाप्रश्नावर एका टेबलाला न बसणारी दोन राज्यं चपलेसाठी एका कागदावर आली, याची मला गंमत वाटते.) या दोन्ही महामंडळांपैकी कुणीही त्या वेळी प्राडावर दावा लावला नाही.

आता खुर्चीचं बघू. १९९९चा भौगोलिक मानांकनाचा कायदा सप्टेंबर २००३पासून लागू आहे. त्यात दोन प्रकारची माणसं आहेत. एक ‘नोंदणीकृत मालक’, म्हणजे ज्या संस्थेनं अर्ज करून नाव नोंदवलं ती. दुसरा ‘अधिकृत वापरकर्ता’, म्हणजे त्या भागात ती वस्तू खरोखर बनवणारा माणूस, ज्यानं वेगळा अर्ज करून आपलं नाव नोंदवहीच्या दुसऱ्या भागात चढवलं आहे. कलम २१ वाचा. नावाचा गैरवापर झाला तर कोर्टाकडं दाद मागण्याचा हक्क मालकाला आहे आणि अधिकृत वापरकर्त्यालाही आहे. ते नाव आपल्या मालावर वापरण्याचा हक्क तर वापरकर्त्याचाच. म्हणजे पुण्याचे नामवंत वकील ज्या उंबऱ्यावरून परत आले, तो उंबरा नोंदलेला एखादा साधा कारागीर ओलांडू शकला असता. पुढं जिंकला असता की हरला असता ते वेगळं. पण ‘तू कोण?’ असं त्याला विचारता आलं नसतं.

मग त्यानं नाव का नोंदवलं नाही? पैसे लागतात म्हणून? २०२०मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलून या अर्जाची फी ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. पूर्वी मालक संस्थेसोबत जोडअर्ज करावा लागायचा, तीही अट सैल झाली. आता कारागीर स्वतः अर्ज करतो आणि एक प्रत मालक संस्थेला पाठवतो. दहा रुपये! चहाचा कट आणि कोर्टात उभं राहण्याचा हक्क एकाच भावात.

तरी खुर्ची रिकामी, याची कारणं वेगळी आहेत. नोंदणीचं कार्यालय चेन्नईत, सगळ्या देशाला एकच. अर्जाची भाषा इंग्रजी किंवा हिंदी. कापशी चपलेची वेणी डोळे मिटून वळणाऱ्या माणसाला, आपण वर्षाला किती जोड बनवतो, कुठलं कातडं वापरतो, हे सगळं परक्या भाषेत लिहायचं आहे. मी दोन भाषा शिकवून पोट भरतो, म्हणून सांगतो, या देशात गरिबाचा हक्क बहुतेक वेळा कलमात हरत नाही. तो फॉर्मच्या भाषेत हरतो. आणि असा हक्क आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. टॅग मिळाल्याचा समारंभ होतो, फेटे बांधले जातात, पालकमंत्र्यांच्या हातात प्रमाणपत्राची मोठी फ्रेम येते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या फोटोत कारागीर असला तर शेवटच्या रांगेत असतो.

प्राडाचं पुढं काय झालं तेही बघा, म्हणजे मी एकतर्फी बोलतो असं वाटायला नको. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं मान्य केलं. तिची माणसं जुलैमध्ये कोल्हापूरला येऊन गेली. डिसेंबर २०२५मध्ये मुंबईत लिडकॉम, लिडकर आणि प्राडा यांच्यात करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड बनतील, साधारण ८०० युरोला एक जोड जगभरच्या दुकानांत विकला जाईल, कारागिरांना प्रशिक्षणही मिळेल. हे काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे. तरी गणित मांडून बघा. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर एक जोड ८० हजारांचा, दोन हजार जोडांचे १६ कोटी. कोल्हापुरात चांगला हातशिलाईचा जोड हजार-दीड हजाराला मिळतो. मधल्या अंतरातले किती रुपये आरी चालवणाऱ्या हातापर्यंत येणार, हे मोठ्या अक्षरांत जाहीर व्हायला हवं होतं. बातम्यांत ठळक होतं ते युरोतल्या किमतीचं आणि सह्यांच्या फोटोचं.

सही महामंडळाची. कायदा म्हणतो की अर्ज करणारी संस्था उत्पादकांच्या ‘हिताचं प्रतिनिधित्व’ करणारी असावी. कुठल्या मतदानानं आलं हे प्रतिनिधित्व? सरकारनं नेमलेलं महामंडळ कारागिरांचं प्रतिनिधी असेल, तर कलेक्टर साहेबांनाही शेतकऱ्यांचा नेता म्हणावं लागेल.

आणि याच सरकारची दुसरी बाजू. मार्च २०१५पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. त्या कायद्यावर बोलताना बहुतेकांना फक्त कुरेशी आठवतो, कारण तो सोयीचा खलनायक आहे. पण कातडं कुरेशाकडून ढोराकडं जातं, ढोर ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतो, मग ते चर्मकाराच्या हातात येतं. साखळीची एक कडी तोडली की पुढच्या सगळ्या कड्या सुटतात. कातडं मिळेना, भाव चढले, हे कोल्हापूरचे कारागीर तेव्हापासून सांगत आलेत. एका खात्यानं चपलेचं नाव जपायचं आणि दुसऱ्यानं तिचं कातडं बंद करायचं, यातून जे उरतं ते नावच.

आता कायद्याच्या मुळाशी जरा जाऊ, कारण प्राडानं केलं ते ‘चोरी’ होतं का, याचं उत्तर लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. जीआय नावाचं रक्षण करतो, आकाराचं नाही. प्राडानं ‘कोल्हापुरी’ हा शब्द वापरलाच नव्हता. आणि भारतातली नोंदणी भारतातच चालते, मिलानमध्ये नाही. मग आकाराचं रक्षण कोण करणार? डिझाइनचा कायदा २००० सालचा. तो फक्त नव्या डिझाइनला मानतो आणि जास्तीत जास्त १५ वर्षं सांभाळतो. पेटंट नव्या शोधाला, २० वर्षं. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पण लेखक कोण हे ठाऊक हवं. या तिन्ही कायद्यांच्या डोळ्यासमोर एकच माणूस आहे : एकटा, नाव असलेला, अमुक तारखेला काहीतरी नवं करणारा. आपल्या बाराबलुतेदारांनी, आपल्या मोमीन-शिकलगारांनी जे केलं ते जुनं आहे, अनेकांचं आहे आणि बिननावाचं आहे. हे तीन गुण एकत्र आले की कायद्याच्या लेखी वस्तू बेवारस ठरते. मग तिथून उचलणाऱ्याला चोर तरी कसं म्हणणार?

हळदीचं उदाहरण जुनं आहे, पण ते आपल्याकडं नेहमी अर्धंच सांगतात. १९९५मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली आणि १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. शाळेत हा धडा आम्ही छाती फुगवून शिकवतो. पण लढाई कशाच्या जोरावर जिंकली? कागदाच्या. हे ज्ञान आधीच लिहिलेलं होतं हे दाखवायला संस्कृत, हिंदी आणि उर्दू पुस्तकांतले उतारे भाषांतर करून अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढं ठेवले गेले. होय, उर्दूसुद्धा. जिला परकी म्हणून हिणवतात त्याच भाषेतल्या पानांनी भारताची हळद सोडवून आणायला हात दिला. पुढं २००१पासून पारंपरिक ज्ञानाचं जे डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, त्यात आयुर्वेदाबरोबर युनानीचे अरबी, फारसी, उर्दू ग्रंथही आहेत. आज सांगलीच्या हळदीला २०१८पासून जीआय आहे आणि तिच्या बाजारात उभं राहून ही गोष्ट सांगावी अशी आहे.

पण यात एक मेख आहे. लिहिलेलं होतं म्हणून हळद सुटली. चप्पल कुठं लिहिलेली आहे? तिची पोथी चर्मकाराच्या बोटांत. ज्यांना शतकानुशतकं लिहू दिलं नाही, त्यांच्याकडून लेखी पुरावा मागणारा हा कायदा आहे.

जगात काही हालचाल आहे, नाही असं नाही. २४ मे २०२४ला जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा एक करार मंजूर झाला. जैविक संसाधनं आणि त्यांच्याशी जोडलेलं पारंपरिक ज्ञान वापरून पेटंट मागणाऱ्यानं ते कुठून घेतलं हे सांगावं, असं तो म्हणतो. चांगलं आहे. पण तो जैविक संसाधनांपुरता आहे, चपलेला आणि सतारीला नाही. युरोपात हस्तकलेच्या वस्तूंच्या भौगोलिक नावांचा नवा कायदा १ डिसेंबर २०२५पासून सुरू झाला आणि बाहेरच्या देशातले उत्पादकही तिथं अर्ज करू शकतात. पूर्वी युरोपीय संघाच्या पातळीवर हे दार अन्नधान्य, वाईन, चीज यांच्यासाठीच होतं. म्हणजे ‘कोल्हापुरी’ हे नाव युरोपात नोंदवायची वाट आता आहे. पुढची शंभर फॅशन मासिकं काय लिहितील याची काळजी करण्यापेक्षा दोन्ही महामंडळांनी हा एक अर्ज केला तर मी त्यांच्यावर लिहिलेलं निम्मं मागं घेईन.

आता मिरज. ३० मार्च २०२४ला मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना जीआय मिळालं. हे मिळवणारं महामंडळ नव्हतं. सतारीसाठी मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर आणि तंबोऱ्यासाठी सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर फर्म, म्हणजे बनवणाऱ्यांच्याच संस्था. मिरजेत साडेचारशेहून जास्त कारागीर या वाद्यांवर काम करतात. त्यांतली जुनी घराणी शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारा. संस्थानिकांच्या तलवारी गंजायला लागल्या तेव्हा या मुसलमान कारागिरांनी तेच हात तारांवर आणि भोपळ्यावर फिरवले. भोपळा मंगळवेढ्याकडचा, लाकूड कर्नाटकातलं, जव्हारी मिरजेची. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावचे झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले.

मिरजेच्या लोकांनी अर्ज का केला, तर दुसरीकडं बनलेली वाद्यं मिरजेच्या नावावर विकली जात होती आणि तक्रारी मात्र मिरजेला यायच्या. २०२१मध्ये त्यांनी अर्ज केला, तीन वर्षांत काम झालं. मला हे उदाहरण कोल्हापुरीपेक्षा मोलाचं वाटतं, कारण इथं मालक आणि बनवणारा यांच्यामधली भिंत निदान पातळ आहे. उद्या कुणी खोटा ‘मिरज तंबोरा’ विकला तर दाद मागायला सरकारी फायलीची वाट बघायला नको. अर्थात क्लस्टरच्या पदाधिकाऱ्यांपलीकडं, घरात बसून भोपळे कोरणाऱ्या शेवटच्या माणसाचं नाव नोंदवहीत चढलंय का, हा प्रश्न मी त्यांनाही विचारीन. आपली बिरादरी आहे म्हणून सूट नाही.

आपल्या जिल्ह्याकडं येतो. २०२४च्या सुरुवातीला भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला आणि तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला जीआय मिळाल्याची बातमी आली. सोबत लातूरकडची कास्तीची कोथिंबीर, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि जालन्याची दगडी ज्वारी. मराठवाड्याच्या नावानं दुष्काळ आणि आत्महत्या सोडून काही छापून आलं, याचाच आनंद. त्या आठवड्यात मी वर्गात विचारलं, जीआय म्हणजे काय रे? एक पोरगं ताडकन उठून म्हणालं, सर, जीआय पाईप! बाप बोअरची कामं करतो त्याचा. वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर चूक कसं म्हणू? बेंबळीत जीआयचा तोच एक अर्थ लोकांच्या उपयोगाला येतो.

खव्याची भट्टी पहाटे पेटते, दुधाच्या कढईत उलथणं अखंड फिरत राहतं, बाई-माणूस धुरात उभं असतं. दिवाळीच्या तोंडावर बाहेरचा भेसळीचा माल बाजारात उतरतो आणि इमानानं खवा करणाऱ्याचा भाव पाडतो. जीआयचा कायदा नेमका याच दिवसासाठी आहे. कलम ३९प्रमाणं खोटं भौगोलिक नाव लावणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. हे भट्टीवरच्या माणसाला कोण सांगणार? कृषी खातं? अन्न व औषध प्रशासन? की फेट्याचा फोटो काढून गेलेले?

जाता जाता शेळीची गोष्ट. आपली काळी उस्मानाबादी शेळी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत ती याच नावानं नोंदलेली आहे. जिल्ह्याचं नाव सप्टेंबर २०२३मध्ये धाराशिव झालं. मे २०२४मध्ये उच्च न्यायालयानंही ते कायम केलं. त्यावर मला इथं वाद घालायचा नाही. पण शेळीनं अजून राजपत्र वाचलेलं दिसत नाही. बाजारात ती उस्मानाबादीच म्हणून विकली जाते, कारण गिऱ्हाईक त्या नावावर पैसे मोजतं. नाव ही मालमत्ता असते ती अशी. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसाला २०१८मध्ये जीआय मिळालं. उस्मानाबादीचा असा विचार करताना जुनं नाव कुणाला खुपणार असेल, तर त्यानं आधी शेळी पाळणाऱ्या धनगराला आणि बाजारातल्या खाटकाला विचारावं, की नवं नाव लावून पाठीमागं किती रुपये कमी येतील.

काही शिकलेले मित्र म्हणतात, कारागिरांनाच यात रस नसतो, त्यांना फक्त अनुदान हवं असतं. हे मला पटत नाही. रेशन कार्ड, जातीचा दाखला, आधार, पीकविमा, कशाकशासाठी हीच माणसं उन्हात रांगा लावतात. कागदाचं मोल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. या एका कागदासाठी गावात रांग कुणी लावलेली नाही, एवढंच.

ती लावता येते. मतदार नोंदणीची शिबिरं आम्ही मास्तरच घेतो, जनगणना, सर्वेक्षणं आमच्याच डोक्यावर येतात. आणखी एक काम सांगा, हरकत नाही. कोल्हापूर, मिरज, भूम, तुळजापूर इथं महिनाभर टेबल मांडा, अर्ज मराठीत समजावून सांगा, भरून घ्या, दहा रुपये तिथंच घ्या. लिडकॉमनं प्राडाच्या करारातला कारागिराचा वाटा एका पानावर छापावा आणि तो मराठी-कन्नड दोन्हीत असावा. पुढचा करार करताना ज्यांची नावं नोंदवहीत आहेत अशा कारागिरांनी निवडून दिलेली माणसं टेबलाला असावीत, निम्म्याहून जास्त. यासाठी संसदेत नवं विधेयक आणायची गरज नाही. महामंडळाच्या एका ठरावाचं काम आहे.

जीआयची नोंदणी दहा वर्षांची असते आणि अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. मिरजेचा अर्ज २०२१चा, म्हणजे नूतनीकरण २०३१मध्ये. कुठल्या वस्तूच्या नावापुढं किती अधिकृत वापरकर्ते आहेत, हे चेन्नईच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. भूमच्या खव्यापुढचा आणि कोल्हापुरीपुढचा आकडा काढा, आणि आपल्या आमदाराला पुढच्या वेळी भेटाल तेव्हा तो कागद घेऊन जा.